दोन वाजून सात मिनिटांचं तापमान

आमच्याकडे रविवार शुक्रवारी असतो. आनंदनगर एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे नातेवाइकांची लग्नं आणि साखरपुडे रविवारी माझ्याशिवाय पार पडतात आणि मी शुक्रवारी उल्हासनगरच्या घरात एकटीच गाद्या उन्हात घालत बसते. याबद्दल मी बरेच दिवस कुरकुर केली आहे. आता करत नाही.

गुरुवारी संध्याकाळी शेवटची बॅच उतरली की कंट्रोल केबिनमधला कॉम्प्युटर बंद करायचा, मेन स्विच पाडायचा आणि घरी जायचं, हे माझं काम. शनिवारी सकाळी येऊन तो पुन्हा सुरू करायचा. शनिवारी तो नुसता पळायचा. मंगळवारपर्यंत बरा असायचा. गुरुवारी मात्र माउस हलवला तरी पडद्यावरचा बाण आधी विचार करायचा आणि मग हलायचा. आमचे प्लांट मॅनेजर विनीत सर म्हणायचे, गुरुवार आहे, त्यालाही सुट्टीचे वेध लागलेत. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे, आणि मी बीएस्सी आयटी झालेली आहे. हा दर गुरुवारीच का दमतो, हा प्रश्न निदान मला तरी पडायला हवा होता. पण जे दुखणं शनिवारी आपोआप बरं होतं, त्याला औषध कोण शोधतो?

आमचा रिअ‍ॅक्टर म्हणजे दीड मजला उंचीचं, झाकण असलेलं पोलादी भांडं. त्यात एक द्रव आधीच भरलेला असतो, दुसरा वरून चार तास थेंबाथेंबाने सोडायचा असतो. दोन्ही एकत्र आले की तापतात, म्हणून भांड्याभोवती गार पाणी फिरवायचं. तापमान पासष्टच्या खाली असलं की सगळं ठीक. सत्तरला भोंगा वाजतो. अठ्ठ्याहत्तरच्या पुढे गेलं तर पाणी कितीही सोडा, ते भांडं कुणाचं ऐकत नाही. तापमानाचा आकडा तारेतून माझ्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर यायचा आणि भोंगाही तोच वाजवायचा. झडपा मात्र हाताने फिरवायच्या. त्या वरच्या प्लॅटफॉर्मवर, आणि ते काम महिपतीकाकांचं.

काका बेलवलीचे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. डाव्या हातावर कोपरापर्यंत चकचकीत, सुरकुत्या नसलेली कातडी. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात तापलेल्या भांड्याचं झाकण उघडलं होतं, त्या वाफेची ती खूण. रिअ‍ॅक्टरच्या माथ्यावर, आतलं ढवळणाऱ्या मोटरच्या पलीकडे, काट्याचा एक जुना डायल आहे. काका दर अर्ध्या तासाने बावीस पायऱ्या चढायचे, मोटरला वळसा घालून डायल बघायचे, वहीत आकडा लिहायचे आणि उतरायचे. उतरताना ते पायरीपायरीला गुडघा धरायचे ते मला केबिनच्या दारातून दिसायचं.

मी रुजू झाल्यावर सहा महिन्यांत ते बंद केलं. म्हटलं, काका, स्क्रीनवर दशांशापर्यंत दिसतं, गुडघे कशाला झिजवता? त्यात कळवळा होता, खोटं नाही. पण कळवळ्यापेक्षा शहाणपणाचा तोरा जास्त होता, तेही खोटं नाही. जिन्याच्या पायथ्याशी मी एक कागद लावला, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून: ‘तापमान स्क्रीनवरच पाहावे.’ खाली माझी सही. काका बराच वेळ तो वाचत उभे राहिले. मग बरं म्हणाले आणि त्यांनी वही आणून माझ्या टेबलावर ठेवली.

या वर्षी मार्चमध्ये मोठी ऑर्डर आली आणि सरांनी शुक्रवार रद्द केला. तीन पाळ्या, रात्रंदिवस काम, एका बॅचच्या शेपटीला दुसऱ्या बॅचचं तोंड. शनिवारी मी सरांना म्हटलं, कॉम्प्युटर फार अडखळतोय, एकदा बंद करून चालू करू या. ते म्हणाले, मध्येच बंद केला तर ग्राफमध्ये खंड पडेल, पार्टीला सलग ग्राफ हवा असतो. ऑर्डर संपू दे, मग काय ते कर. मी हो म्हटलं. नेहमी वाद घालणारी मी त्या दिवशी नेमकी गप्प बसले.

गोष्ट घडली ती त्यानंतरच्या सोमवारी, भर दुपारी. कॉम्प्युटर सलग दहावा दिवस चालू होता. जेवणानंतर सर केबिनमध्ये आले, डिस्पॅचची एक्सेल फाइल उघडली, कारण प्रिंटर याच कॉम्प्युटरला जोडलेला आहे. फाइल म्हणजे ढीगभर पानं आणि प्रत्येक पानावर ड्रमांचे फोटो. त्यांनी प्रिंट काढली आणि फाइल तशीच उघडी टाकून गेले. मी तापमानाचा प्रोग्राम पुन्हा समोर घेतला. तो पूर्ण पडदा व्यापतो, त्यामुळे विंडोजचं घड्याळ दिसत नाही. त्याचं स्वतःचं एक घड्याळ वरच्या कोपऱ्यात असतं, बारीक अक्षरात. त्याकडे कोणी बघत नाही.

आकडा होता ६३.८. अगदी शहाण्यासारखा होता. दोन वाजून वीस मिनिटांनी मी इंटरकॉमवर काकांना सांगितलं की त्रेसष्ट पॉइंट आठ आहे, अडीचला नमुना घ्या. नमुना घ्यायचा म्हणजे वरचं लहान झाकण उघडून आत लांब दांड्याची वाटी सोडायची. पासष्टच्या आत असलं तरच उघडायचं, असा नियम, आणि पासष्टच्या आत आहे की नाही हे सांगणारी मी. काका बरं म्हणाले.

मग मी सरांची फाइल बंद करायला गेले. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली, काहीच झालं नाही. पुन्हा मारली. डब्यातून हार्ड डिस्कची कुरकुर ऐकू येत होती, न थांबणारी, आणि तिचा लाल दिवा लुकलुकायचा सोडून सतत पेटलेला होता. कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारी खिडकी उघडायला मी बटणं दाबली. ती उघडायला चार मिनिटं लागली. एरवी एक सेकंद लागतो. मेमरी सत्त्याण्णव टक्के. डिस्क शंभर टक्के. आणि यादीत सगळ्यात वर, फुगून बसलेला, आमचा तापमानाचा प्रोग्राम.

तेव्हा मला आमची जुनी खोली आठवली. दहा बाय बाराची खोली, आणि माझी आई, जनाबाई, आल्यागेल्याला कधी नाही म्हणाली नाही. राहा की, जागा आहे, हे तिचं ठरलेलं वाक्य. जागा अर्थातच नव्हती. होता तो माळा. दिवसा गाद्या वर, रात्री शिलाई मशीन वर. ज्याची या क्षणी गरज नाही ते वर, मागितलं की खाली. येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, घर ऐसपैस आहे. विंडोजही असंच करते. प्रत्येक प्रोग्रामला म्हणते, घे, जागा आहे. मेमरी भरत आली की ज्याला बराच वेळ कोणी हात लावला नाही ते उचलून हार्ड डिस्कच्या माळ्यावर टाकते आणि मागितलं की काढून देते. प्रोग्रामला याचा पत्ताही नसतो. पाहुणे बेताचे असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही.

पण एखादा पाहुणा असा निघतो की रोज एक ट्रंक आणतो आणि परत एकही नेत नाही. आमचा प्रोग्राम तसला होता. ग्राफ काढायचा म्हणून प्रत्येक सेकंदाचा आकडा जवळ धरून ठेवायचा आणि काम झालं तरी सोडायचा नाही. गुरुवारपर्यंत घर भरत यायचं, मी मेन स्विच पाडला की रिकामं व्हायचं. शुक्रवार आम्हाला दोन वर्षं वाचवत होता आणि आम्ही त्यावर विनोद करत होतो. या वेळी शुक्रवार आलाच नाही. वर सरांची फोटोंची फाइल येऊन बसली. आता विंडोजचा सगळा वेळ माळ्यावर चढण्याउतरण्यात जात होता. एक वस्तू खाली आणायला दुसरी वर, दुसरी लागली म्हणून पहिली वर, आणि मूळ काम जागच्या जागी. या प्रकाराला इंग्रजीत नाव आहे. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात त्यावर पाच मार्कांचा प्रश्न आला होता. मी तो ऑप्शनला टाकला होता.

मग मी पहिल्यांदाच त्या बारीक घड्याळाकडे बघितलं. दोन वाजून सात मिनिटं. हातातल्या घड्याळात दोन सव्वीस झाले होते.

प्रोग्रामने एकही आकडा हरवला नव्हता. तारेतून येणारे आकडे रांगेत उभे होते आणि तो इमानेइतबारे एकेक दाखवत होता, फक्त एकोणीस मिनिटं उशिरा. ६३.८ हा आकडा खोटा नव्हता, शिळा होता. आता भांड्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. वरून थेंब पडतच होते, आणि पाणी वाढवा असं मी काकांना एकदाही सांगितलं नव्हतं. उलट सांगितलं होतं की झाकण उघडा.

मी इंटरकॉम उचलला. वर घंटी वाजत राहिली. मोटरच्या आवाजात आणि तोंडावर मास्क चढवल्यावर ती ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी सात घंट्या मोजल्या. मग रिसीव्हर तसाच टाकून धावले.

केबिनपासून जिन्यापर्यंत साठेक पावलं असतील. मी पायथ्याशी आले तेव्हा प्लास्टिकच्या कव्हरमधून माझी सही माझ्याकडे बघत होती. चढताना सेफ्टी शूज लोखंडी पायऱ्यांवर घसरत होते. मी काकांना हाका मारत होते आणि माझा आवाज माझ्यापर्यंतही पोचत नव्हता. डोक्यात फक्त त्यांचा तो डावा हात.

काका झाकणापाशी वाकले होते. चष्मा, मास्क, हातमोजे, सगळं नियमाप्रमाणे. चार बोल्टांपैकी तीन काढून त्यांनी ओळीने बाजूला ठेवले होते आणि पाना चौथ्यावर होता. मी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. ते दचकले, पाना हातातून सुटून खाली जाळीवर पडला. मी ओरडून सांगितलं की आकडा जुना आहे, उघडू नका. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण माझा चेहरा बघून त्यांनी पहिल्यांदा तीनही बोल्ट पटापट परत बसवले. मी मोटरला वळसा घालून डायलपाशी गेले. काचेवर धुळीचा आणि तेलाचा इतका थर होता की काटा दिसेना. दोन वर्षं तिथे कोणी आलंच नव्हतं. मी ओढणीने काच पुसली. काटा त्र्याहत्तरवर होता.

काकांनी वरच्या द्रवाची झडप बंद केली आणि पाण्याची पूर्ण उघडली. दोन्ही कामं त्यांनी न बघता केली, इतका त्यांच्या हाताला त्या झडपांचा सराव होता. मग ते माझ्या शेजारी येऊन डायलसमोर उभे राहिले. करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मी मोबाइलवर विनीत सरांना सांगितलं की पॅकिंगच्या बायकांना गेटबाहेर काढा, कारण नंतर विचारा. सरांनी खरंच नंतर विचारलं, हे त्यांचे उपकार.

चौऱ्याहत्तर. काटा सरकताना दिसत नाही, सरकलेला दिसतो. पायाखालून पाणी धावत असल्याची थरथर येत होती. काकांनी मास्क गळ्यात ओढला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ताई, तुमी खाली जा. हितं दोघांचं काय काम नाय.”

मी नाही म्हटलं. शूरपणा नव्हता त्यात. खाली जाऊन मी पुन्हा त्या पडद्यासमोर बसणार आणि तो मला पुन्हा त्रेसष्ट पॉइंट आठ सांगणार, हे मला सहन झालं नसतं.

पंचाहत्तर. काटा तिथे आला आणि थांबला की थांबल्यासारखा दिसला, हे ठरवता येईना. मी आकड्यांच्या मधल्या रेघा मोजत होते. अठ्ठ्याहत्तरपर्यंत तीन रेघा. मला खूप भीती वाटत होती आणि तितकाच स्वतःचा राग येत होता. खाली पॅकिंगच्या बायका गेटकडे निघाल्या होत्या, डबे, पिशव्या घेऊन, एकमेकींशी बोलत, कुणाचीच घाई नाही. मला वाटलं ओरडून सांगावं, पळा. पण पळायला लागल्या असत्या तर मला जास्त भीती वाटली असती.

किती वेळ गेला ते घड्याळ सांगतं, सहा मिनिटं. मग काटा पंचाहत्तरच्या रेघेच्या अलीकडे दिसला. काकांनी माझ्याआधी बघितलं. त्यांनी बोट काचेवर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. काटा बोटापासून हळूहळू दूर गेला. चौऱ्याहत्तर, बऱ्याच वेळाने बहात्तर, मग भराभर खाली.

मी जाळीवरच बसले. इतका वेळ जे विचारायचं नव्हतं ते मग विचारलं. म्हटलं, “काका, वर आलात तेव्हा एकदा डायल बघावासा नाही वाटला?”

काका पाना उचलून चौथा बोल्ट घट्ट करत होते. “तुमीच सांगितलं ना, स्क्रीनवर बघायचं,” ते म्हणाले. “बघितला असता नि आकडा वेगळा निघाला असता, तर खरा कोणाचा मानायचा होता मी?”

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट काहीतरी बोलले असते आणि हलकी झाले असते. त्यांनी दोन वर्षं माझा शब्द पाळला होता, त्या कागदावरच्या सहीसकट, आणि आज त्या शब्दापायी ते झाकण उघडणार होते.

खाली आलो तेव्हा काटा सहासष्टवर होता. बायका परत आत येत होत्या. विनीत सर केबिनच्या दारात उभे होते, चेहरा पांढरा. मी त्यांना सगळं सांगितलं, शनिवारी गप्प बसले होते ती कसर भरून काढत. सर म्हणाले, “मेमरी कमी पडली ना? उद्या उल्हासनगरहून मोठी रॅम आणून टाकू. मी सकाळी येता येता घेऊन येतो.”

मी म्हटलं, “सर, माळा मोठा केला तर भरायला जास्त दिवस लागतील, एवढंच. ट्रंका आणणारा थांबणार नाही. प्रोग्राम दुरुस्त होईपर्यंत हा रोज सकाळी बंद करून चालू होईल. ग्राफमध्ये खंड पडला तर पार्टीला मी सांगेन.”

माळा, ट्रंका, यातलं सरांना काही कळलं नसावं. पण ते हो म्हणाले. मी केबिनमध्ये जाऊन खुर्चीवर बसले. पडद्यावर अजून ६३.८ होता, आणि कोपऱ्यात दोन वाजून नऊ मिनिटं. तेवढ्यात सरांची फाइल मिटली. पावणेतीन वाजून गेले होते. दोन वीसला फुलीवर मारलेली माझी टिचकी विंडोजपर्यंत आत्ता पोचली होती.

फोटो गेले, जागा झाली, आणि प्रोग्रामने मोकळा श्वास घेतल्यासारखी रांग संपवायला सुरुवात केली. आकडे धावू लागले. चौसष्ट, सहासष्ट, अडुसष्ट. मला पुढचं माहीत होतं तरी मी खुर्ची पुढे ओढली. सत्तर झाले आणि भोंगा वाजला.

बायका पुन्हा गेटकडे निघाल्या, या वेळी धावत. सर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले की वाढतंय. मी कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं, दोन चोवीस. हे होऊन गेलेलं आहे, मी त्यांना सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की आत्ता काय आहे ते मला या खुर्चीवरून अजूनही सांगता येत नाही. काचेतून बघितलं तर काका जिन्यावर होते. एक हात कठड्यावर, एकेक पायरी. त्यांनी पडद्याकडे वळूनही बघितलं नव्हतं.

मी खणातून त्यांची जुनी वही काढली आणि त्यांच्यामागे गेले. पायथ्याचा कागद काढायचं तेव्हा सुचलं नाही. वर काका डायलसमोर वाकून काच पुन्हा पुसत होते, स्वतःच्या बाहीने. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, “चौसष्ट.” मी वहीत चौसष्ट लिहिलं, शेजारी हातातल्या घड्याळातली वेळ लिहिली आणि खाली सही करायला वही त्यांच्यापुढे धरली. काकांनी हातमोजा काढून सही केली. खाली भोंगा अजून वाजतच होता, अडीच वाजता झाकणापाशी वाकलेल्या त्या माणसासाठी.